गोळीचं माहेरचं नाव

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून इथे छापत आहोत.)



आज आपण इंग्रजी शिकणार आहोत. हसू नका आणि घाबरूही नका. फाडफाड बोलायचं इंग्रजी नाही. दहा-बारा शब्द आहेत फक्त. तेही असे, की जे आपल्या घरात आधीच येऊन बसलेत. कुणाच्या देवळीत, कुणाच्या मसाल्याच्या डब्यामागे, कुणाच्या बटव्यात. दुखण्याच्या गोळीच्या पाकिटावर छापलेले शब्द.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली, की दिवसभर वाकून कंबर धरते. केळीच्या बागेत घड वाहून खांदा धरतो. संध्याकाळी घरी आलो की तोंडातून येतं, "मन्ही कंबर दुखस." अहिराणीत सांगायला एक श्वास पुरतो. पण त्यावर जी गोळी हातात येते, ती बोलते फक्त इंग्रजी. ती काय बोलते हे कळत नाही, म्हणून आपण तिचा रंग लक्षात ठेवतो. "ती लाल-पांढरी दे," "मागच्या वेळची लांबट दे." आणि धोका इथेच असतो. एकाच रंगाच्या गोळ्या वेगवेगळ्या औषधांच्या असतात आणि एकच औषध दहा रंगांत मिळतं.

एक गोळी, दोन नावं

आपल्यातल्या कितीतरी जणींना दोन नावं आहेत. एक माहेरचं, एक सासरचं. लग्नात नाव बदललं, पण बाई तीच. गोळीचंही तसंच आहे. कंपनीनं ठेवलेलं नाव ते सासरचं. ते पाकिटावर रंगीत, झोकदार छापलेलं असतं. औषधाचं मूळ नाव ते माहेरचं. औषध ज्या कंपनीच्या घरी जातं, तिथे त्याला नवं नाव मिळतं. माहेरचं नाव मात्र कुठेही गेलं तरी एकच राहतं.

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही तीन नावं तुम्ही ऐकलीत. तिन्हींचं माहेरचं नाव एकच आहे, पॅरासिटामॉल. ताप आणि दुखणं दोन्हींवरचं हे औषध आशाताईंच्या पेटीतही असतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही. जनऔषधी केंद्रात स्वस्त औषधं मिळतात, ती याच माहेरच्या नावानं. म्हणून तिथे जाऊन "डोलो द्या" म्हणण्यापेक्षा "पॅरासिटामॉल सहाशे पन्नास द्या" म्हणता आलं, तर पैसेही वाचतात. मात्र अमेरिकेत याच औषधाला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. कुणाचा मुलगा, पुतण्या तिकडून गोळ्या घेऊन आला, तर तेवढं ध्यानात ठेवा.

माहेरचं नाव पाकिटावर छापणं कंपनीला बंधनकारक आहे. २०१८ सालच्या नियमानुसार ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असायला हवं. त्याच्या पुढे बहुतेक वेळा 'टॅब्लेट्स आयपी' असं असतं. टॅब्लेट म्हणजे गोळी. आयपी म्हणजे भारत सरकारच्या औषधांच्या ग्रंथातल्या मापदंडाप्रमाणे बनवलेली.

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द, 'कंटेन्स'. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'ईच टॅब्लेट कंटेन्स' असं लिहिलेलं असतं. म्हणजे 'प्रत्येक गोळीत आहे'. काय आहे, ते त्याच्या खाली असतं. एक नाव असेल तर एक औषध. दोन-तीन नावं असतील तर दोन-तीन औषधं एकाच गोळीत. प्रत्येक नावासमोर आकडा असतो आणि पुढे 'एमजी', म्हणजे मिलिग्रॅम. एक हजार एमजी म्हणजे एक ग्रॅम. हे आकडे नोटेवर आणि मोबाइलवर असतात तसेच असतात, ते आपल्याला येतात. म्हणजे निम्मं शिकणं आधीच झालेलं आहे.

हिशेब करून बघू

आपण गटाचा हिशेब ठेवतो, तसा गोळीचा ठेवू. समजा, वेचणीच्या दिवसांत एका ताईंची कंबर धरली आणि बरोबर सर्दी-तापही आला. सकाळी त्यांनी कॉम्बिफ्लॅम घेतली. दुपारी अंग तापलं म्हणून डोलो ६५०. चार वाजता सर्दीची एक गोळी. रात्री शेजारच्या वहिनींनी दिलेली झेरोडॉल-पी. चार नावं, चार रंग. ताईंना वाटलं, चार वेगळी औषधं झाली.

आता 'कंटेन्स'च्या खाली बघू. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. डोलोमध्ये पॅरासिटामॉल ६५०. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, समजा हिच्यात ५०० आहे. झेरोडॉल-पीमध्ये ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. बेरीज करा. ३२५ अधिक ६५० अधिक ५०० अधिक ३२५, झाले १८०० एमजी. पाव्हणी एकच, चार लुगडी बदलून चार वेळा घरात आली.

मोठ्या, धडधाकट माणसासाठी पॅरासिटामॉलची हद्द चोवीस तासांत ४००० एमजी आहे. ५०० च्या आठ गोळ्या किंवा ६५० च्या सहा. दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचं अंतर हवं. ताईंनी हाच फेरा दोनदा केला तर ३६०० होतात. वर झोपताना आणखी एक डोलो घेतली, की ४२५० झाले आणि हद्द ओलांडली. अंगानं बारीक, उपाशी राहणाऱ्या, दारू पिणाऱ्या किंवा काविळीचा त्रास असलेल्या माणसाला तर याहून कमी मात्राही भारी पडू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

हद्द ओलांडली तर मार बसतो यकृतावर, म्हणजे लिव्हरवर. यातली फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ होते, नाहीतर तीही नाही. म्हणून चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या, तर 'बरं तर वाटतंय' म्हणून घरी बसू नका. यावर उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत तो सगळ्यात चांगला लागू पडतो. १०८ ला फोन करा, पाकीट बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा.

सासरच्या नावातूनही थोडी खूण मिळते. नावाच्या शेवटी 'पी' किंवा 'प्लस' असेल, तर आत बहुतेक दुसरं औषध जोडलेलं असतं, आणि पुष्कळदा ते पॅरासिटामॉलच असतं. 'प्लस' दिसलं की मागे वळवून 'कंटेन्स' बघायचं.

आडनावावरून भावकी

पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याच्या गोळ्यांची एक मोठी भावकी आहे. नावांच्या शेपटावरून ती ओळखता येते. माझ्याबरोबर म्हणा.

फेनॅक: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक.
प्रोफेन: आयबुप्रोफेन, कीटोप्रोफेन.
ऑक्सिकॅम: मेलॉक्सिकॅम, पिरॉक्सिकॅम.
कॉक्सिब: इटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब.

शेपूट नसलेलेही काही भाऊबंद आहेत: ॲस्पिरिन, नॅप्रॉक्सेन, निमेसुलाइड, मेफेनामिक ॲसिड.

ही भावकी दुखणं आणि सूज दोन्ही उतरवते, पण पोटाच्या आतलं अस्तर आणि किडनी या दोन ठिकाणी त्रास देऊ शकते. म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा. उपाशीपोटी घ्यायची नाही, भाकरीचे दोन घास खाऊन घ्यायची. एका वेळी या भावकीतला एकच, दोन भाऊ एकत्र नाहीत. मघाच्या ताईंच्या पोटात सकाळी प्रोफेन गेलं आणि रात्री फेनॅक, तीही चूकच. आणि महिनोन्‌महिने रोज घ्यायची नाही. गुडघा रोज गोळी मागत असेल, तर त्या गुडघ्याला डॉक्टर दाखवायला हवा. शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा तोंडा-पायावर सूज आली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आपल्या खान्देशात याला एक जोड आहे, ती म्हणजे ऊन. भुसावळ-जळगावचा वैशाख कसा असतो ते मी काय सांगू! अंगातलं पाणी आटलेलं असतं तेव्हा किडनीकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात ही गोळी ते आणखी कमी करते. उन्हात दिवसभर काम, पाणी कमी, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात, आणि वर अंगदुखीची गोळी. हे चारही एकत्र आलं की किडनी दुखावते. उलट्या-जुलाब झालेल्या माणसालाही हाच धोका. ज्यांना बीपी, शुगर, किडनीचा आजार किंवा दमा आहे, त्यांनी या भावकीतली गोळी आपल्या मनानं घेऊ नये. गरोदर बाईनं तर मुळीच नाही. पाचव्या महिन्यानंतर यातल्या गोळ्या बाळाच्या किडनीवर परिणाम करू शकतात.

पावसाळ्यातला ताप ही दुसरी जागा. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल, तेही हिशेबात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. डेंग्यूत आधीच रक्तस्राव व्हायची भीती असते, ती यांनी वाढते.

पाळीच्या दुखण्याबद्दल आपण मोठ्यानं बोलत नाही, पण मेफ्टालचं पाकीट पोरींच्या दप्तरात असतं. तिचं माहेरचं नाव मेफेनामिक ॲसिड. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर भारतीय भेषज संहिता आयोगानं या औषधाबद्दल सूचना काढली. क्वचित कुणाला यानं गंभीर रिअॅक्शन येते, अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी. गोळीनंतर काही आठवड्यांनीही ती दिसू शकते. म्हणून पोरीला गोळी देताना नावही शिकवा आणि हेही सांगा. पाळी दर महिन्याला गोळीशिवाय निभतच नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या.

घरातल्या आजोबांची हृदयाची गोळी, इकोस्प्रिन, तीही ॲस्पिरिनच आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज छोटी मात्रा. ती सुनेनं डोकेदुखीला घ्यायची नाही आणि आजोबांनी आपल्या मनानं बंदही करायची नाही.

लेकरांचं औषध

लहान लेकरांच्या पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या मिळतात. एकीवर 'ड्रॉप्स' लिहिलेलं असतं, दुसरीवर 'सिरप' किंवा 'सस्पेन्शन'. ड्रॉप्स म्हणजे थेंब. नावावरून वाटतं, थेंबांचं औषध हलकं असेल. उलट आहे. ड्रॉप्सच्या एक एमएलमध्ये साधारण १०० एमजी औषध असतं. साध्या सिरपच्या पाच एमएलमध्ये, म्हणजे एका चमच्यात, १२० किंवा १२५ एमजी. काही सिरप २५० चीही असतात. आता ड्रॉप्सची बाटली सिरप समजून पाच एमएल पाजली तर? ५०० एमजी गेलं, म्हणजे मोठ्या माणसाची पूर्ण गोळी. दहा किलोच्या लेकराला एका वेळी १५० एमजी पुष्कळ झालं. म्हणून 'ड्रॉप्स' हा शब्द ओळखता आलाच पाहिजे. बाटलीबरोबर आलेलं मापच वापरा, घरातला चमचा नको.

'शेक वेल' म्हणजे बाटली चांगली हलवून घ्या. आणि लेकराच्या तापावर ॲस्पिरिन कधीही द्यायची नाही. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारनं २०११ मध्येच बंद केलंय.

तीन अक्षरं, एक रेघ

रेडिओवरून अक्षर दाखवता येत नाही, म्हणून सांगते तसं बोटानं मातीत काढा. फणी आडवी धरा, एक उभी काठी आणि उजवीकडे तीन दाते. हा 'ई'. मग फुली, दोन रेघा एकमेकींना छेदणाऱ्या. हा 'एक्स'. मग उभी काठी आणि वरच्या अंगाला उजवीकडे पोट. हा 'पी'. फणी, फुली, पोट. ई-एक्स-पी, म्हणजे एक्सपायरी. त्याच्या पुढे महिना आणि वर्ष असतं. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, मग टाकून द्यायचं. ही अक्षरं पाकिटाच्या एका टोकालाच असतात. म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढा. दुकानदार पाकीट कापून चार गोळ्या देत असेल, तर तारीख वाचून दाखवायला सांगा आणि वहीत टिपून ठेवा.

पाकिटाच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि घ्यायचंही नाही. सिग्नलचा लाल रंग तसाच हा. मलमाच्या ट्यूबवर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' असतं, म्हणजे फक्त वरून लावायला.

चिठ्ठीवरच्या खुणाही सोप्या आहेत. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. 'बीडी' म्हणजे दोनदा, ओढायची बिडी नव्हे. 'टीडीएस' म्हणजे तीनदा. आणि 'एसओएस' म्हणजे दुखलं तरच, गरज पडली तरच. दुखण्याच्या गोळीपुढे पुष्कळदा हेच लिहिलेलं असतं. ते न कळल्यामुळे गोळी रोज नेमानं घेतली जाते.

जिला नावच नाही

आता शेवटची गोष्ट. बाजारात, जत्रेत, कुणाच्या ओळखीनं गुडघेदुखीची पुडी मिळते. दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. पुडीवर नाव नाही, तारीख नाही, 'कंटेन्स' नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते बरेच दिवस पोटात गेलं की तोंड सुजल्यासारखं होतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तरीही जिवाला धोका असतो. स्टेरॉइडच्या नावांचंही शेपूट आहे: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. पण पुडीवर शेपूटही नाही आणि तोंडही नाही. जिला नाव नाही ती पोटात घ्यायची नाही. आधीपासून घेत असाल, तर उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

हेच शब्द गोठ्यातही उपयोगी पडतात. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची किडनी बंद पडते. त्यामुळे आपल्या देशातली गिधाडं जवळपास संपली, आणि २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. गिधाडांना मेलॉक्सिकॅम चालतं. गाय दुखणाईत पडली तर डॉक्टरांना विचारा, "दादा, इंजेक्शन कोणतं? फेनॅक तर नाही ना?" हा प्रश्न विचारता येणं हेही इंग्रजी येणंच आहे.

पुढच्या बैठकीला

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली रिकामी पाकिटं आणि बाटल्या पदरात बांधून आणा. सतरंजीवर सगळं ओता. शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरीला जवळ बसवा आणि तीन ढीग करा. पहिल्यात नुसतं पॅरासिटामॉल. दुसऱ्यात फेनॅक, प्रोफेन आणि त्यांची भावकी. तिसऱ्यात एकाहून जास्त औषधं असलेली. किती रंगीत नावांच्या मागे एकच माहेरचं नाव आहे ते मोजा. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर ही नावं मोठ्या अक्षरात उतरवून घ्या, एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला मराठीत. मग प्रत्येकीनं एक नाव बोटानं दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं.

आणि दुकानात गेलात की रंग सांगू नका. नाव विचारा, आकडा विचारा, आणि आज सकाळपासून काय काय घेतलंय ते आपणहून सांगा. एवढं झालं की आजचा धडा पाठ झाला असं समजा. येते, मायबहिणींनो. पाणी भरपूर प्या.